सावली न देणारा अशोक

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात शेताचे बिनशेती प्लॉट पडतात, घरं उभी राहतात, आणि कंपाउंडच्या भिंतीला रंग लागायच्या आधीच फाटकाच्या दोन्ही अंगांना दोन खड्डे घेतलेले दिसतात. त्यांत काय लागणार हे विचारावं लागत नाही. भिंत आणि गटार यांच्यामध्ये जेमतेम तीन फुटांची पट्टी उरलेली असते. तिथे निंब लावला तर भिंत जाईल, आंबा लावला तर शेजारधर्म. मग उरतो अशोक. तीस-चाळीस फूट उंच जाऊनही पाच-सहा फुटांच्या घेरात राहणारा, बाराही महिने हिरवा, गुरांनी सहसा तोंड न लावलेला. कॉलेजचा रस्ता, मंगल कार्यालयाचं आवार, पेट्रोल पंपाची मागची बाजू, सगळीकडे तो रांगेत उभा असतो. कमी जागेतलं शोभेचं सदाहरित झाड म्हणून आज नर्सरीवाले कितीही नवनवी नावं सांगोत, खानदेशाने आपली निवड कधीच करून टाकली आहे.

हा अशोक मुळात असा सडपातळ नाही. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचं घर. तिथलं मूळ जातीचं झाड चारी बाजूंना फांद्या पसरून ऐसपैस वाढतं. फांद्या खोडालगत खाली लोंबणारा, खांबासारखा उभा राहणारा हा त्यातला एक प्रकार माणसांना आवडला, त्यांनी तो निवडला आणि पुनःपुन्हा लावला. ज्याला आपण झाडाचा स्वभाव समजतो, ती बरीचशी माणसाची पसंती आहे. वनस्पतिशास्त्रात सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७८२ साली त्याचं वर्णन केलं, पुढे त्याला पॉलिअल्थिया म्हणू लागले, आणि २०१२ पासून ते मोनून या वंशात गेलं. नर्सरीच्या पाटीवर मात्र अजून जुनंच नाव आहे.

कूळ विचाराल तर सीताफळाचं. अजिंठ्याच्या डोंगरात सीताफळं वेचलेल्यांना हे सहज पटेल: अशोकाचं बी हातात घ्या, आडवं कापा, आतल्या गरात सीताफळाच्या बीसारख्याच घड्या दिसतील. पुराणातला, औषधातला अशोक तो वेगळा. त्याला आपण सीतेचा अशोक म्हणतो. तो शेंगांच्या कुळातला, ओलसर जागेत रमणारा, केशरी-तांबड्या फुलांचे घोस थेट जून फांद्यांवर घेणारा. दोघांचा नात्याने काही संबंध नाही, पण बाजाराने तो जोडला. सीतेच्या अशोकाची साल अशोकारिष्टाला लागते, ती दुर्मिळ आणि महाग. त्यामुळे तिच्यात या उभ्या अशोकाची साल मिसळण्याचा उद्योग जुना आहे, आणि औषधांची पारख करणारे ती भेसळ ओळखण्याच्या खुणा शिकवतात. आपल्या अशोकाला फुलं येतात, नाही असं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला फिकट हिरव्या चांदण्या लागतात, पण त्या पानांच्याच रंगात हरवतात. मग काळी फळं धरतात, ती कोकिळा आणि वटवाघळं खातात, आणि खाली धुतलेल्या गाडीवर त्याचा हिशेब मांडतात.

आता त्याचं मोठं न्यून. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळतो. अशा मुलखात आपण हौसेने लावलेलं झाड माणसाला सावली देत नाही. दुपारी अशोकाखाली उभं राहून पाहावं. डोकं सावलीत घेतलं तर खांदा उन्हात. जागा वाचवायची तर घेर सोडावा लागतो आणि घेर सोडला की सावली गेली. प्लॉटच्या धन्यासाठी हा सौदा बरा आहे. पण शाळेच्या आवारात, एस. टी. थांब्याजवळ, जिथे जागा असते आणि माणसं तिष्ठत असतात, तिथेही नुसता अशोकच लावणं हा मला आळशीपणा वाटतो. करंज, निंब, चिंच यांना तिथे काय धाड भरली आहे? त्यातून विजेच्या तारांखाली लावला की एक दिवस शेंडा छाटला जातो. मग छाटल्या जागी चार-सहा फुटवे येतात आणि ज्या डौलासाठी झाड लावलं त्याचा केरसुणीसारखा झुपका होतो.

फुलपाखरांना मात्र या झाडाने खरी जागा दिली. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं टेल्ड जे नावाचं चपळ फुलपाखरू सीताफळाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. अशोकाच्या कोवळ्या तांबूस पालवीवर त्याच्या अळ्या पोसतात. हे मूळचं दमट रानातलं फुलपाखरू कोरड्या शहरांतल्या बागांतही दिसतं, त्याचं बरंचसं श्रेय फाटकाशेजारच्या या जोडीला आहे. पानं कुरतडलेली दिसली की फवारा मारणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

अशोक अरुंद आहे, पण ठेंगणा नाही. हल्लीची मागणी दोन्हींची आहे. तिच्यापोटी बाहेरून बरंच काही आलं. भराभर भिंत होते म्हणून आलेल्या कोनोकार्पसवर शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. फण्यासारख्या पानांचा, पनामाकडचा पांढरा चाफा निरुपद्रवी आहे, फुलतोही भरपूर, पण त्याला वास नाही. बिनवासाचा चाफा मला तरी पटत नाही. आपली कुंती जास्त गुणी. आठ-दहा फुटांत राहते, सदाहरित, आणि पावसाळी रात्री तिचा वास गल्लीभर जातो.

ठेंगणी जात जन्मते कशी, याची एक नोंदलेली गोष्ट आहे. १९०४ साली बोस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटममधले जॅक आणि रेडर हे दोघे कॅनडात अल्बर्टातल्या एका स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत होते. वेळ घालवायला ते आसपास फिरले आणि त्यांना स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची काही खुरटी, गच्च पानांची, शंकूसारखी रोपं दिसली. त्यांतून ‘कोनिका’ ही जात आली. तिचे मूळ भाईबंद शंभर फुटांपर्यंत जातात, ही वर्षाला काही इंचच वाढते आणि जगभर बागांत आहे. तिच्यावर मधूनच एखादी फांदी मूळ वळणावर जाऊन सुसाट वाढते. ती वेळीच छाटली नाही तर ठेंगणं झाड बघता बघता रानटी होतं.

अशी खुरटी रोपं आपल्याकडेही निघत असणार. अशोकाची रोपं बहुधा बियांपासून करतात. बी ताजंच पेरावं लागतं, वाळलं की उगवत नाही. शेकडो पिशव्यांत चार रोपं मागे राहतात आणि गिऱ्हाईक घेत नाही म्हणून ती उकिरड्यावर जातात. त्यांतलं एखादं पाणी कमी पडल्याने खुरटलेलं असेल, एखादं जन्मजात. फरक कळायला ते जमिनीत लावून काही वर्षं पाहावं लागेल, मग त्याचे डोळे भरून किंवा कलमं बांधून पाहावी लागतील की सगळी तशीच ठेंगणी राहतात का. राहिली, आणि सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्या जातींच्या यादीत अशोक असेल, तर २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली नोंदणी मागता येते. वाण नवा, इतरांपासून वेगळा, सगळ्या रोपांत सारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा हवा. झाडांना हे संरक्षण अठरा वर्षांपर्यंत मिळतं. अर्ज एकट्या शेतकऱ्यालाही करता येतो.