पहाटेचे भूकंप आणि दिवसाच्या शाळा

समुद्र मागे सारून परशुरामाने कोकणची भूमी निर्माण केली, अशी ज्या प्रांताची श्रद्धा, तेथील बुरोंडी गावी त्याची भव्य मूर्ती उभी असावी हे यथोचितच आहे. परंतु ही भूमी निश्चल आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये, कारण दापोली तालुक्यातील या गावापासून कोयनानगर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतच आहे. तेथे 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झालेल्या धरणीकंपात सुमारे 180 माणसे दगावली. पुढे 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारी परिसरातील दगडमातीच्या जाड भिंतींनी हजारोंचा बळी घेतला, तेव्हाही पहाटेचे चार वाजावयाचे होते. दोन्ही वेळा शाळा रिकाम्या होत्या. या योगायोगाने आपणास जी निश्चिंतता दिली, ती माझ्या मते फसवी आहे. 2001 च्या प्रजासत्ताकदिनी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरले, तेव्हा अंजारच्या अरुंद गल्लीतून मिरवणुकीने निघालेली शाळकरी मुले दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली.

कोकणातील जुनी शाळा म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे आणि वर कौले. जमीन हलू लागताच दाराकडे धावणे हा मनुष्यस्वभाव. पण पहिली कौले घसरतात ती पडवीच्या कडेवरच, म्हणून मुलांनी बाकाखाली शिरून डोके हातांनी झाकावे, बाकाचा पाय घट्ट धरावा आणि हादरे थांबल्यावरच, गुरुजींच्या मागोमाग, झाडे व विजेच्या तारा टाळून पटांगणात यावे. तेथे हजेरीपट हवाच. तो नसेल तर आत कोण राहिले हे कळणार कसे? दप्तराचे जड कपाट भिंतीस पक्के केलेले असावे, हे सांगावे लागते याचेच नवल वाटते. नाटकाची रंगीत तालीम महिनाभर करणाऱ्या शाळेने या तालमीस वर्षातून दोनदा अर्धा तास देऊ नये काय?

किनाऱ्यावरील गावास आणखी एक धडा आवश्यक आहे. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरान किनाऱ्याजवळील भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. तेव्हा दीर्घ हादऱ्यानंतर पाणी अकस्मात ओसरले, तर मुलांनी शिंपल्या वेचण्यास न धावता टेकडीची वाट धरावी.

वाचकहो, गावच्या शाळेत जाल तेव्हा वर्गाचा दरवाजा बाहेर उघडतो की आत, आणि त्याच्या आड काय रचून ठेवले आहे, एवढे अवश्य पाहून या.