पुनर्मुद्रित नाणी आणि करजक ग्रामाचे दान

कर्जत व खालापूर तालुक्यांतील उपासकांशी कार्ले येथील शिलालेखांविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास पुढे येतो : लेखांतील ‘करजक’ ग्राम म्हणजे आमचे कर्जत काय? नामसाधर्म्य मोहक आहे खरे. परंतु हे ग्राम मामाल आहारात, उत्तर मार्गावर असल्याचे लेखातच म्हटले आहे. मामाल म्हणजे आजचे मावळ, अर्थात बोरघाटाच्या वरचा प्रदेश. कर्जत-खालापूर तर घाटाच्या पायथ्याशी. तेव्हा या ओळखीचा आग्रह धरू नये, असे आमचे मत आहे. या दानात त्याहून मोलाची एक गोष्ट दडलेली आहे आणि ती उमगण्यासाठी प्रथम नाण्यांकडे वळावे लागते.

जुन्या नाण्यावर नव्या सत्तेचा ठसा मारणे म्हणजे पुनर्मुद्रण. नवे नाणे पाडावयाचे तर धातू वितळवणे, तोलून चकत्या तयार करणे आणि मग ठसे मारणे, असे सारे सोपस्कार आले. जुने नाणे हाती असल्यास पहिले दोन टळतात. ते तापवून खालच्या ठशावर ठेवावयाचे, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालावयाचा. घाव उणा पडला, किंवा जुनी चकती नव्या ठशाहून मोठी असली, की आधीच्या चित्राचा काही भाग तसाच राहतो : एखादे अक्षर, नाकाची रेषा, मण्यांच्या वर्तुळाचा तुकडा. अभ्यासकास हवे असते ते नेमके हेच.

ग्रीक जगात, विशेषतः कांस्य व तांब्याच्या नाण्यांबाबत, ही पद्धत चांगलीच रुळलेली होती. भारताच्या वायव्येस युक्रेटाइडीसची कापिशी-नगरदेवतेची तांब्याची नाणी अपोलोडोटसच्या नाण्यांवर मारलेली आढळली. हेलिओक्लीसची काही नाणी अगाथोक्लिया व स्ट्रेटो यांच्या नाण्यांवर. ‘मिलिंदपञ्ह’ वाचणाऱ्यांनी याची विशेष दखल घ्यावी. मिलिंद म्हणजे मिनँडर. त्याच्या मागेपुढे होऊन गेलेल्या बहुतेक यवन राजांचा सलग वृत्तांत कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. त्यांचा अनुक्रम लावताना अशा नाण्यांचा मोठा आधार होतो, कारण वरचा ठसा नंतरचा आणि खालचा आधीचा, यात वाद संभवत नाही. मात्र दोन ठशांत वर्षाचे अंतर होते की पन्नास वर्षांचे, हे नाणे सांगत नाही. शिवाय परक्या राजाचे नाणे व्यापारातूनही हाती येते. प्रत्येक पुनर्मुद्रणामागे एक युद्ध उभे करण्याची घाई करू नये.

महाराष्ट्रातील याचे सर्वांत मोठे उदाहरण तांब्याचे नसून चांदीचे आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मस्तक व ग्रीक अक्षरांतील लेख, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात. त्यांवर सातवाहन राजाने एकीकडे तीन कमानींचे चैत्यचिन्ह व आपले नाव, तर दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह उमटविले. अनेक नाण्यांत चैत्याच्या आडून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. ठसा न पडलेली चार हजारांच्या आसपास नाणी त्याच साठ्यात होती. त्यावरून चांदीचा तोल तोच असल्याने जुने व नवे दोन्ही एकत्र चालत असावे, असे अनुमान आम्ही करतो.

नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने कोरविलेल्या प्रशस्तीत तिच्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे म्हटले आहे. प्रशस्ती निःशेषाची भाषा बोलते. नाणे शेष दाखविते. आमचा कल नाण्याकडे आहे.

हीच दृष्टी घेऊन आता दानलेखांकडे यावे. नाशिकच्या त्याच लेण्यातील गौतमीपुत्राच्या १८ व्या राज्यवर्षाच्या लेखात, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत तो प्रव्रजितांस देतो. उषवदात हा नहपानाचा जावई. कार्ले येथे याच उषवदाताने वलुरक लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक ग्राम दिले होते. पुढे त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखात करजक ग्राम पुन्हा दिले जाते. या लेखात राजाचे नाव स्पष्ट राहिलेले नाही. तो आदेश गौतमीपुत्राचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्राम तेच, लेणी तीच, वर नवी राजमुद्रा. हे दानाचे पुनर्मुद्रणच होय.

येथेही खालचा ठसा निरखून पाहिला पाहिजे. उषवदाताचे दान ‘चातुदिस’ संघास, म्हणजे चारही दिशांकडून आलेल्या, वर्षावासास राहिलेल्या सर्वांस आहे. पालीत आपण त्यालाच ‘चातुद्दिस संघ’ म्हणतो. विनयाच्या दृष्टीने असे दान कोण्या एका गटाचे होत नाही. दुसऱ्या लेखात मात्र महासांघिक निकायाचे नाव येते. तेथे तेव्हा तेच भिक्खू राहत असतील आणि व्यवहारात काही बदललेही नसेल. तथापि शब्द बदलला, हे निश्चित. दुसरा लेख एकटाच वाचणाऱ्यास हे ग्राम प्रारंभापासून एका निकायाचे वाटेल. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ही निकायव्यवस्था समजून घेताना दोन्ही लेख एकावर एक ठेवूनच वाचावेत.

कल्याणहून बोरघाट चढणारी वाट कर्जत-खालापूरच्या मुलखातूनच जाते. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे, तसेच आंबिवली ही लेणी याच परिसरातील. अशा प्रदेशात पायाच्या खोदकामात वा बांधावर जुने नाणे निघाल्यास ते चिंचेने किंवा तेजाबाने उजळण्यासाठी सोनाराकडे नेऊ नये. उजळताना प्रथम जाते ते खालच्या ठशाचे पुसट अंग. वरचा ठसा खोल असल्याने टिकतो आणि नाणे दिसायला छानच होते, पण साक्ष अर्धी उरते. नाणे कोठे, किती खोलीवर, कशासोबत मिळाले, हे लगेच लिहून ठेवावे, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा. नाणी एकाच मडक्यात असतील तर ती वाटून घेऊ नयेत. जोगलटेंभीची नाणी एकत्र मोजता आली, म्हणूनच ठसा पडलेली किती आणि न पडलेली किती, हे आज सांगता येते.