धुम्यावरची कणीक

१९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीत स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील चार-पाच दशकांत भोसरीपासून चाकणपर्यंतची बरीचशी शेती आणि माळराने कारखान्यांनी व्यापली, हा या पट्ट्याचा सर्वपरिचित इतिहास आहे. तथापि ज्या इंद्रायणीच्या आसपास हा पट्टा वाढला तिच्याच काठी एकीकडे देहू आणि दुसरीकडे आळंदी आहे; शिवाय कामासाठी येथे आलेल्यांपैकी पुष्कळजण मराठवाडा, सोलापूर, नगर अशा वारकरी परंपरा खोल रुजलेल्या भागांतले आहेत. त्यामुळे दिवसा यंत्रावर उभा राहणारा आणि संध्याकाळी मंदिरात पखवाजावर बसणारा हौशी वादक हा येथील समाजजीवनाचा एक घटक झाला आहे. त्याच्याकडे घराण्याची तालीम असतेच असे नाही, आणि वादनातून अर्थार्जनाचीही त्याची फारशी अपेक्षा नसते.

पखवाजाला वारकरी मृदंग असेही म्हणतात. लाकडाच्या एकाच पोकळ खोडाला दोन तोंडे असतात. उजवे तोंड लहान असून त्याच्या पुडीवर, म्हणजे ताणून बसविलेल्या कातड्यावर, लोहचूर्ण आणि भाताची खळ यांची शाई थरांवर थर देऊन घोटलेली असते. डावे तोंड मोठे असून त्याला धुमा म्हणतात. त्यावर कायमची शाई नसते. वादनापूर्वी गव्हाची कणीक भिजवून ती त्यावर लावावी लागते, आणि हौशी वादकाची पहिली परीक्षा येथेच होते. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट हवी, कारण घट्ट गोळा थापेच्या हादऱ्याने सुटतो आणि फार पातळ झालेला पसरत जातो. कातड्याचा मधला भाग आधी ओल्या बोटांनी पुसून घेतात, गोळा मध्यभागी दाबून त्याच्या कडा कातड्याशी एकजीव करतात, मग एक थाप मारून ऐकतात, चिमूटभर कणीक काढतात किंवा वाढवतात आणि पुन्हा ऐकतात. कणीक वाढली की स्वर खाली उतरतो आणि जड होतो. प्रमाणाबाहेर वाढली की नाद गुदमरून नुसता दणका उरतो. उजव्या पुडीचा स्वर गायकाच्या पट्टीला, हरिनाम सप्ताहातल्या पुरुषी गायनात बहुधा काळी चार किंवा काळी पाच अशा चढ्या पट्टीला, मिळवलेला असतो आणि धुम्याचा नाद त्याच्या सुमारे एक सप्तक खाली बसवायचा असतो. धुम्याला उजव्या पुडीसारखा नेमका स्वर नसल्यामुळे हे बसणे कानानेच ठरवावे लागते. नवशिका मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर उजवी बाजू पटकन मिळवतो आणि डावीकडे मात्र जाणत्याच्या तोंडाकडे पाहतो.

या व्यवस्थेमागील भौतिकी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मधील निबंधात मांडली. सर्वत्र सारख्या जाडीचे गोल कातडे वाजविले असता त्याच्या उपस्वरांची मूलस्वराशी गुणोत्तरे १.५९, २.१४ अशी अपूर्णांकी येतात, म्हणून साध्या ढोलाचा आवाज कोणत्याही एका स्वरावर ठरत नाही. मध्यभागी योग्य वजन चढविले की हे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांकी गुणोत्तरांच्या जवळ सरकतात आणि कानाला स्पष्ट स्वर ऐकू येतो. उजवीकडची शाई हे काम करते, तर डावीकडची कणीक कातड्याची कंपने मंद करून खर्जातला भरीव नाद देते. रामन यांनी ज्यासाठी गणित मांडले ते पुडी भरणाऱ्या कारागिरांनी बोटांनी साधले होते, ही गोष्ट यंत्रशाळेत काम करणाऱ्याला विशेष लवकर पटते. तेथेही रेखाचित्रावरचे माप आणि जुन्या कारागिराचा हात या दोन्हींची गरज पडते. गंमत अशी की ज्या पट्ट्यात कोणता बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचा हे तक्त्यावर लिहिलेले असते, तेथील वादकही नट-बोल्टचा पखवाज सोयीचा मानूनही वादीच्या, म्हणजे चामडी पट्ट्यांनी ताणलेल्या, पखवाजाचा नाद अधिक गोड असल्याचे सांगतात.

खालच्या स्वरांची वाद्ये वाजविणाऱ्यांचे मेळावे जगात इतरत्रही भरतात. ट्यूबा या पितळी वाद्याच्या वादकांचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन १९७३ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात झाले. अशा संमेलनांत कार्यशाळा असतात, मैफिली असतात आणि हौशी वादकाला नामवंतांच्या शेजारी बसून फुंकण्याची संधी मिळते. पखवाजाच्या बाबतीत असे काही शोधायचे झाल्यास कार्तिकात आळंदीला जावे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्या समाधीच्या दरवर्षीच्या सोहळ्याचा प्रारंभ अष्टमीला महाद्वारातील हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होतो, आणि पुढचे काही दिवस धर्मशाळांत, मंडपांत, रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी कीर्तन, भजन आणि जागर चालू असतात. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेनंतर गावात अध्यापनाच्या अनेक जागा निर्माण झाल्या, त्यामुळे पखवाज शिकणारी मुले, त्यांचे गुरू आणि पुडी भरून देणारे दुकानदार या सर्वांची वस्ती आळंदीत बारमाही असते. येथे नावनोंदणी नसते आणि व्याख्यानाची वेळही लावलेली नसते. चाकणहून किंवा भोसरीहून आलेला वादक एका मंडपात तासभर उभा राहतो, हाताची ठेवण पाहतो, पुढच्या मंडपात जातो, आणि ओळखीच्या दिंडीत कोणी थकले तर गळ्यात पखवाज अडकवून उभा राहतो.

शिक्षणाची खरी जागा ही शेवटची आहे. दिंडीत टाळकरी समोरासमोर रांगा धरतात, पखवाजी मध्ये असतो आणि विणेकरी मागे. ठेका, म्हणजे तालाचा ठरलेला आवर्तनबद्ध बोलसमूह, किंचित जरी पुढे पळाला तरी प्रथम टाळकऱ्यांची पावली, म्हणजे तालावर टाकलेली पावले, विस्कटते. त्यामुळे वादकाला आपली चूक इतरांच्या पायांत दिसते आणि ती कोणी बोलून दाखवावी लागत नाही. लग्गीचा, म्हणजे द्रुत बोलांच्या झडीचा, मोह हौशी वादकाला सर्वाधिक असतो, कारण गर्दीची दाद उजव्या हाताच्या त्या चापल्याला मिळते. परंतु इतक्या टाळांच्या झणझणाटात उजवीकडचे बारीक बोल जवळच्या दोन-चार माणसांपलीकडे पोचत नाहीत. रांगेच्या टोकाच्या टाळकऱ्यापर्यंत जातो तो धुमाच. म्हणून ज्याचा डावा हात स्थिर आणि भरदार आहे, असा मध्यम तयारीचा वादक दिंडीला अधिक उपयोगी पडतो, आणि मंचावर मान मिळविणाऱ्या वादकालाही येथे हात आवरता घ्यावा लागतो. कीर्तनात हे आवरणे आणखी कठीण असते: निरूपण चालू असताना हात पुडीवर निश्चल ठेवून कीर्तनकाराचा चेहरा वाचायचा, आणि त्याने चरण उचलताच मागेपुढे न होता ठेका धरायचा.

कार्तिकातील रात्रीची थंडी आणि दव यांनी कातडे ओलावा शोषते आणि स्वर उतरतो. अशा वेळी वादीखालचे लाकडी गट्टे हातोडीने सरकवून ताण वाढवितात, आणि बारीक फरक पुडीच्या काठाच्या गजऱ्यावर ठोकून काढतात. धुम्यावरची कणीक याउलट दुपारच्या उन्हात सुकून तडकते, तेव्हा तिला पाण्याचा हात लावावा लागतो. वादन संपल्यावर कणीक खरवडून कातडे पुसले नाही तर ते आखडते आणि उंदीर-मुंग्यांना आमंत्रण मिळते. थकलेला हौशी वादक नेमका हाच शेवटचा उपचार टाळतो, आणि पुडी बदलण्याचा खर्च त्याच्यावर लवकर येतो.

आळंदीत पाहिलेले हात वर्षभर वापरले जातात ते वस्तीवरच्या अखंड हरिनाम सप्ताहात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून तिचे पहारे वाटून दिले जातात आणि ते लावताना कारखान्यांच्या पाळ्या विचारात घ्याव्या लागतात. पखवाजाचेही तसेच असते. रात्रीच्या कीर्तनाला आणि शेवटच्या काल्याला बहुधा तयारीचा वादक बोलावलेला असतो. पहिल्या पाळीतून सुटलेल्याकडे संध्याकाळचा हरिपाठ येतो, दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री जागराला पोचतो, आणि पहाटेचा काकडा ज्याची त्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टी असेल त्याच्या वाट्याला जातो.