टक्के कशाचे?

फळ्यावर एकच ओळ लिहायची: ‘एका व्यापाऱ्याने एक साडी २० टक्के तोटा सोसून ४०० रुपयांना विकली, तर ती त्याने केवढ्याला घेतली होती?’ मग खडू ठेवून गप्प उभं राहायचं. दोन मिनिटांत वर्गातून उत्तर येतं: ४८०. अगदी मागच्या बाकांवरूनही येतं. ४०० चे २० टक्के ८०, ते ४०० मध्ये मिळवले, झालं. मुलांचा गुणाकार बरोबर असतो, बेरीज बरोबर असते, टक्के काढायची रीतही बरोबर असते. तरी उत्तर चुकतं, ते उदाहरणात न लिहिलेल्या एका शब्दामुळे.

मी म्हणते, ताळा करा. ४८० ची साडी २० टक्के तोट्यात विका. ९६ रुपये गेले, ३८४ उरले. वर्ग शांत होतो. ही शांतता मला फार मोलाची वाटते, कारण आता मुलं आकड्यांकडे बघणं सोडून वाक्याकडे बघायला लागलेली असतात. कुणीतरी विचारतं, ‘बाई, ते २० टक्के ४०० चे नाहीत का?’ नाहीत. तोटा खरेदीच्या किमतीवर मोजतात, आणि खरेदीची किंमत तर आपल्याला शोधायचीय. १०० ची वस्तू ८० ला गेली, तर ४०० ला गेलेली वस्तू केवढ्याची? ५०० ची. टक्के कसे काढायचे हे मुलांना येतंच. कशाचे काढायचे, तिथे ती अडतात. उच्च प्राथमिक वर्गांत इतकी वर्षं शेकडेवारी शिकवल्यावर माझं मत पक्कं झालंय की या धड्यात शिकवायची खरी गोष्ट ही एकच आहे. बाकी सगळी आकडेमोड आहे, ती सरावाने येते.

मराठीत ही अडचण प्रत्ययांत दडलेली असते. ‘२० टक्क्यांनी वाढली’ यात बदल सांगितलाय. ‘२० टक्क्यांवर गेली’ यात बदल होऊन गेल्यानंतरची स्थिती. १०० रुपयांची वस्तू ‘१२० टक्के झाली’ तर १२० ला मिळेल, ‘१२० टक्क्यांनी वाढली’ तर २२० ला. एका ‘नी’ने शंभर रुपयांचा फरक पडतो. बातम्यांतली ‘दुपटीने वाढ’ तर मोठ्यांनाही चकवते: १०० चे २०० झाले की ३००, ते वाक्यावरून कळतच नाही. म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे. टक्क्यांचं चिन्ह दिसलं की त्याच्या आधी ‘च्या’ने संपणारा शब्द लिहायचा, मगच पेन पुढे न्यायचं. खरेदी किमतीच्या २० टक्के. छापील किमतीच्या १५ टक्के. गेल्या वर्षीच्या लोकसंख्येच्या ४ टक्के. हा ‘च्या’ ज्याला सापडला त्याचं अर्धं उदाहरण सुटलं.

शंभरावर मोजण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त व्याजाचं एक उदाहरण आहे: शंभराला महिन्याला पाच, तर सोळाला वर्षाचे किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. हे पंचराशिकाचं उदाहरण. त्याच्या मुळाशी त्रैराशिक आहे, आणि त्रैराशिकाच्या तीन पदांपैकी पहिल्याचं नाव ‘प्रमाण’. ज्याच्याशी ताडून बघायचं ते प्रमाण. मुलांना चकवतं ते हेच पद, आणि आपल्या परंपरेने त्याला सगळ्यांत आधी बसवलंय. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे. खानदेशातल्या मुलांना हे आवर्जून सांगावं. धडा त्यांना एकदम आपल्या गावचा वाटतो.

त्याहून जवळची शिदोरी अंकलिपीतली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे आजी-आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते. २५ टक्के वाढ म्हणजे सवापट, ५० टक्के वाढ म्हणजे दीडपट, २५ टक्के घट म्हणजे पाऊणपट. गणिताच्या पुस्तकांत ज्याला गुणक म्हणतात त्याला आपल्या बोलीत आधीपासून शब्द आहेत. पेरणीच्या वेळी धान्य उसनं घेऊन सुगीला सवाईने किंवा दिडीने परत करायचं, हा गावोगावचा व्यवहार होता. दामदुप्पट म्हणजे शंभर टक्के वाढ. ‘सवाई गंधर्व’ या नावातली सवाई किती, हे विचारलं की मुलं आधी बुचकळ्यात पडतात आणि मग खूश होतात. हे पाढे शाळेतून गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाठांतर गेलं तर जाऊ दे, पण ‘वाढ’ आणि ‘पट’ यांतलं नातं जिभेवर असायचं, ते गेलं.

पाठ्यपुस्तकांची मांडणीही या बाबतीत मुलांना थोडी एकटं पाडते. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला शेकडेवारी आणि नफा-तोटा, सातवीला बँक व सरळव्याज, आठवीला सूट व कमिशन आणि चक्रवाढ व्याज, पुढे नववी-दहावीला अर्थनियोजन, त्यात जीएसटी. प्रत्येक धडा नीट लिहिलाय. पण मुलगा प्रत्येक धड्याचं वेगळं सूत्र वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि नफा, सूट, व्याज, लोकसंख्यावाढ ही एकाच गोष्टीची नावं आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत धड्याचं नाव छापलेलं नसतं, तिथे मग गोंधळ उडतो.

शिकवण्याच्या रीती मुख्यतः चार. पहिली सूत्राची: फरक भागिले मूळ, गुणिले शंभर. वेगवान आहे, पण ‘मूळ’ कोणतं ते सूत्र सांगत नाही, म्हणून ती सगळ्यांत शेवटी द्यावी. दुसरी त्रैराशिकाची, जिच्यात ८० ला १०० तर ४०० ला किती, असं मांडतात. साडीच्या उदाहरणाला हिच्यासारखी रीत नाही. तिसरी पट्टीची. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून शब्दांतली उदाहरणं आयताकृती पट्ट्या काढून सोडवायला शिकवतात. नेदरलंड्समध्ये युट्रेक्टच्या फ्रॉइडेन्थाल संस्थेच्या परंपरेतही टक्क्यांची पट्टी आहे, तिच्या वरच्या कडेला रुपये आणि खालच्या कडेला टक्के. मी ही पट्टी वहीच्या आडव्या पानावर काढायला लावते. दहा चौकोन, पूर्ण पट्टी म्हणजे खरेदी किंमत, खाली १०० टक्के. दोन चौकोन खोडले की उरलेले आठ चौकोन ४०० रुपयांचे. एक चौकोन ५० चा. इथे कमकुवत समजली जाणारी मुलंही ५०० म्हणतात, आणि का ते सांगतातही. ४८० म्हणणाऱ्या मुलाला पट्टी काढायला सांगितली की त्याची चूक त्याला स्वतःला दिसते. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चौथी रीत गुणकाची: २० टक्के वाढ म्हणजे १.२ ने गुणा, २० टक्के घट म्हणजे ०.८ ने. दशांश अपूर्णांक पक्के झाल्यावर, आठवीच्या सुमाराला, ही सगळ्यांत ताकदवान. २० टक्के वाढवून २० टक्के कमी केलं तर किंमत मूळपदावर का येत नाही? १.२ गुणिले ०.८ म्हणजे ०.९६. पट्टीवर हेच बघितलं की कारण दिसतं: दुसऱ्या वेळी कापताना पट्टी लांब झालेली असते. चक्रवाढ व्याज याच रीतीने एका ओळीत येतं. अमेरिकेच्या २०१० च्या सामाईक अभ्यासक्रमात टक्केवाढ-घट सातवीला आहे. आपल्याकडेही सातवी-आठवीचं वय त्याला योग्य, फक्त पट्टी आधी आणि गुणक नंतर, हा क्रम सोडू नये.

उदाहरणं मात्र जिवंत हवीत. लासलगावच्या आसपासच्या मुलांसमोर कांदा ठेवावा. समजा भाव क्विंटलला १,००० वरून २,५०० झाला: वाढ १५० टक्के, भाव अडीचपट. तोच परत १,००० वर आला तर घट ६० टक्के. भाव तेच दोन, फरक तेवढाच, टक्के वेगळे. मग निर्यात शुल्क घ्यावं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आणलं, १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं. ४० वरून २० वर येणं म्हणजे शुल्क २० टक्क्यांनी घटलं का? शुल्क निम्म्यावर आलं, म्हणजे ५० टक्क्यांनी घटलं. टक्क्यांच्या आकड्यांतलं अंतर २०, त्याला टक्के बिंदू म्हणावं. बातम्यांत दोन्हींना ‘टक्के’च म्हणतात, म्हणून हा फरक शाळेनेच शिकवायला हवा.

दुसरं उदाहरण मुलांच्या दप्तरातलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्य झाला. ५० रुपये मूळ किमतीची वही ५६ ला पडायची. दुकानदाराने पूर्ण कर कमी केला असं धरलं तर वही किती टक्क्यांनी स्वस्त झाली? बहुतेक मुलं १२ म्हणतात. सहा रुपये कमी झाले खरे, पण गिऱ्हाईक देत होतं ते ५६. ५६ च्या सहा म्हणजे सुमारे १०.७ टक्के. शाम्पूवरचा कर त्याच दिवशी १८ वरून ५ झाला. ११८ चे १०५, म्हणजे सुमारे ११ टक्के घट, १३ नव्हे.

जनगणना तर टक्क्यांची खाणच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली, सुमारे ४.८ टक्के घट. आता विचारावं: रत्नागिरी पुन्हा २००१ च्या आकड्यावर यायला किती टक्के वाढ हवी? ४.८ म्हणणारे हात वर येतील, ५.१ च्या आसपासचं उत्तर आकडेमोड करूनच निघेल. मुंबईतला ‘मराठी टक्का’ हा शब्दही याच धड्यातला. तो टक्का उतरला म्हणून मराठी माणसांची संख्या कमी झाली असं होत नाही. खालचा आकडा, म्हणजे एकूण लोकसंख्या, जास्त वेगाने वाढला, तरी टक्का उतरतो. मराठवाड्यात पिकाची पैसेवारी घ्यावी. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी म्हणजे पीक निम्म्याहून कमी. निम्मं कशाच्या? प्रमाण उत्पन्नाच्या. ते किती धरायचं यावर गावात वाद होतात, आणि ते वाद ऐकलेली मुलं वर्गात बसलेली असतात.

‘असर’च्या २०१७ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयाच्या मुलांना किमतीवरची सूट काढायला दिली होती, २०२३ मध्येही तसाच प्रश्न होता. शाळा संपत आलेल्या वयात मुलांना काय यायला हवं, याची यादी करणाऱ्यांनी टक्के वगळले नाहीत, हे मला फार योग्य वाटतं.

धडा संपला की मी मुलांना आपापल्या घरातलं एक उदाहरण आणायला सांगते. एका वर्षी आठवीतल्या मुलीने आणलेलं उदाहरण असं होतं: आईने गावातल्या एकाकडून १०,००० रुपये शेकडा दोनने घेतले, म्हणजे महिन्याला शंभराला दोन. दर महिन्याला १,००० मुद्दल फेडायचं, दहा महिने. तो दर महिन्याला २०० रुपये व्याज घेतोय. तिने विचारलं, ‘बाई, पाच हजार फेडल्यावरही २०० च का?’ मी उत्तर दिलं नाही, वर्गाकडे बघितलं. मुलांनी दोन तक्ते मांडले. एकात ‘पहिल्या मुद्दलाच्या’ दोन टक्के: दहा वेळा २००, एकूण २,०००. दुसऱ्यात ‘उरलेल्या मुद्दलाच्या’ दोन टक्के: २००, १८०, १६० असं उतरत २० पर्यंत, एकूण १,१००. नऊशे रुपयांचा फरक मुलांनी तीन वेळा तपासला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. तिने तक्त्यांचं ते पान वहीतून हलक्या हाताने वेगळं केलं, घडी घातली आणि कंपासपेटीत ठेवलं.