कुस्तीचा ऱ्हास की किताबाचा? : पवन मावळातील एका वादाची मीमांसा

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हे मावळ तालुक्याचे तीन परंपरागत विभाग होत. यांपैकी पवन मावळाची बाजारपेठ म्हणजे पवना धरणाच्या पायथ्याशी वसलेले पवनानगर. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार गडांच्या सान्निध्यातील या खोऱ्यात गावच्या यात्रेला कुस्त्यांचा आखाडा हवाच, असा संकेत आहे. देवाची पालखी, रात्रीचा तमाशा वा भजन आणि दुसऱ्या दिवशीचा आखाडा, हा क्रम मावळातच काय, पण सबंध पश्चिम महाराष्ट्रात रूढ झालेला दिसतो. आखाडा संपला, की कुस्तीशौकिनांमध्ये जो वाद सुरू होतो, तोही आता या क्रमाचाच एक भाग बनला आहे. ‘कुस्ती बुडाली’ असे एक पक्ष म्हणतो. ‘कुस्ती बुडाली नाही, ती चालवणाऱ्यांनी बुडवली’ असे दुसरा म्हणतो. या वादाचे स्वरूप काय, त्यात कोणकोणते प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांतील कोणत्या प्रश्नाला खरोखर उत्तर देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की महाराष्ट्रातील मातीवरील कुस्ती ही केवळ हौशी क्रीडा कधीच नव्हती. तिला एक अर्थव्यवहार होता व आहे. रेवड्यांवर लागणाऱ्या लहान मुलांच्या कुस्त्यांपासून आखाड्याला प्रारंभ होतो. मग रोख इनामाच्या चढत्या भाजणीने जोडी लागत जातात आणि सूर्यास्ताच्या सुमारास शेवटची मानाची कुस्ती होते. इनामाची रक्कम गावच्या वर्गणीतून उभी राहते. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम यांचा खर्च, या इनामांतून आणि घरच्या शेतीतून भागावा अशी अपेक्षा असते. राजाश्रयाच्या काळी हा भार संस्थानिक उचलीत. कोल्हापुरास शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान हे त्या आश्रयाचे आजही उभे असलेले स्मारक होय. संस्थाने विलीन झाल्यावर आश्रयदात्याची जागा रिकामी झाली. ती भरून काढण्याचा जो संघटित प्रयत्न झाला, त्यातूनच आजच्या वादाचा विषय असलेला किताब जन्माला आला.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीत मावळास लागून असलेल्या मुळशी तालुक्यातील मामासाहेब मोहोळ यांचा वाटा मोठा होता. परिषदेच्या वतीने १९६१ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा भरली आणि दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. पुढे हरिश्चंद्र बिराजदार, दादू चौगुले यांच्यासारख्या मल्लांनी या किताबाची प्रतिष्ठा वाढवली. याच काळात, १९६२ सालच्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत गणपत आंदळकर आणि मारुती माने यांनी सुवर्णपदके मिळवली. शौकीन ज्याला सुवर्णकाळ म्हणतात, तो हाच.

आता ऱ्हासवादी पक्षाचे म्हणणे पाहू. त्यांच्या मते गादीने मातीचा घात केला. मातीवरील निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून त्याला चीतपट करणे एवढेच जयाचे प्रमाण असे. वेळेचे बंधन सैल असल्यामुळे दम, संयम आणि डावपेच यांची खरी पारख होई. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुणांवर निकाल लागतो. मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी मिळाली, तर कुस्ती तेथेच संपते. ढाक, कलाजंग, घिस्सा यांचे सौंदर्य पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला एका गुणाच्या फरकाने मिळालेला विजय अपुरा वाटतो, यात नवल नाही.

परंतु हा आक्षेप तपासून घेतला पाहिजे. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले, ते गादीवर. त्यानंतर मातीवरील कुस्ती भरात असतानाही महाराष्ट्रातील कोणा मल्लास ऑलिंपिक पदक मिळाले नाही. उलट, ‘कुस्ती संपली’ असे सर्रास म्हटले जात असतानाच्या काळात, २०१८ साली, बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. २०२३ साली सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. म्हणजे ज्या आखाड्यात स्त्रियांना पूर्वी पाऊलही ठेवता येत नसे, तेथे मल्लांचा एक नवा वर्ग उभा राहिला. तेव्हा विद्या म्हणून कुस्तीचा सरसकट ऱ्हास झाला, हे विधान पुराव्यावर टिकत नाही.

दुसरा प्रश्न उपजीविकेचा. पवन मावळात तो अधिक तीव्रतेने जाणवतो. धरणाखाली या खोऱ्यातील भातशेती गेली. २००२ साली पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर जमिनीचे मोल बदलले. जलाशयाच्या काठी पर्यटकांचे तंबू उभे राहिले. शेती आणि दुभते यांच्या आधारावर घरातील एक मुलगा तालमीत ठेवण्याची रीत अशा परिस्थितीत दुबळी होणे स्वाभाविक आहे. तथापि हा ऱ्हास कुस्तीचा नव्हे, तर तिला पोसणाऱ्या ग्रामीण घडीचा आहे. किंबहुना जमिनीच्या व्यवहारातून आलेल्या पैशाने काही आखाड्यांची इनामे वाढलेली दिसतात, हेही शौकीनच सांगतात. पैसा आला, पण तो शेवटच्या दोन-चार जोडींवर एकवटला आणि मधल्या फळीतला पैलवान उपाशीच राहिला, अशी त्यांची तक्रार असते. इनामाची एकूण रक्कम आणि इनामाची वाटणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या तक्रारीतील मर्म होय.

तिसरा प्रश्न किताबाचा. आणि वादाचे खरे केंद्र येथेच आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंच्या विजेत्यांमध्ये अंतिम लढत होते. जुन्या व नव्या पद्धतींचा मेळ घालणारी ही योजना शहाणपणाची होती. पण २०२२ साली राज्य संघटनेच्या मान्यतेवरून फूट पडली. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले : फुलगाव येथे सिकंदर शेख आणि धाराशिव येथे शिवराज राक्षे. २०२५ साली तेच घडले. फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे मुळशीचे पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले. तेथील उपांत्य व अंतिम लढतींतील पंचांच्या निर्णयांवरून वाद होऊन दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. मार्चमध्ये कर्जत येथे दुसरी स्पर्धा होऊन वेताळ शेळके यांना गदा मिळाली. या मल्लांपैकी कोणाचेही कर्तृत्व उणे नाही. प्रश्न असा, की एका वर्षी दोन केसरी असले, तर ‘केसरी’ या शब्दाचा अर्थ काय उरतो?

या प्रश्नाचे महत्त्व केवळ भावनिक नाही. तीन वेळा किताब मिळवणारे नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांची राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपदी नियुक्ती झाली. म्हणजे किताब हे नोकरीचे, मानधनाचे आणि पुढील इनामांच्या दराचेही प्रमाणपत्र असते. पवनानगरच्या परिसरातील एखादा मुलगा दहा वर्षे जोर-बैठका काढतो, त्याचा बाप त्याच्या दुधासाठी म्हैस बांधतो, तेव्हा ते दोघेही या प्रमाणपत्राच्या खरेपणावर आपले भांडवल लावीत असतात. प्रमाणपत्र देणारे दोन झाले, तर त्यांचे भांडवल निम्मे होत नाही. ते संशयास्पद होते, आणि ते अधिक वाईट.

या संदर्भात परदेशातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील व्यावसायिक ‘रेसलिंग’ हा पूर्वनियोजित निकालांचा रंजनप्रयोग आहे. आपल्याकडील शौकीन ज्याला ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणवतात, तोच तेथे उघड व्यवसाय आहे. तेथील ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’ ही संस्था १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीवर काही काळ सर्वांत अग्रेसर होती. मार्च २००१ मध्ये ती प्रतिस्पर्ध्यास विकली गेली. तिच्या अधःपाताची कारणे तिचे चाहते आजही चर्चितात. मालक कंपनीतील उलथापालथ हे एक कारण खरेच. पण सर्वोच्च किताब वारंवार हातोहात फिरवला गेला, २००० साली तर तो एका चित्रपटनटाला देण्यात आला, याची खंत चाहत्यांना अधिक वाटते. निकाल कृत्रिम आहेत हे ठाऊक असूनही किताबाचे पावित्र्य सांभाळले जावे, ही त्यांची अपेक्षा होती. जेथे निकाल खोटा असतो, तेथेही किताबाला पत लागते. मग जेथे निकाल खरा असतो, तेथे ती किती अधिक जपली पाहिजे!

तात्पर्य असे, की विद्येचा ऱ्हास, उपजीविकेचा ऱ्हास आणि किताबाचा ऱ्हास या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याचा पुरावा क्षीण आहे. दुसऱ्याची कारणे कुस्तीच्या बाहेर, जमीन आणि पाणी यांच्या व्यवहारात आहेत. तिसरा मात्र सर्वस्वी मनुष्यनिर्मित आहे, आणि म्हणूनच तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे. त्यासाठी नवे मैदान नको, मोठे इनाम नको. एक स्पर्धा, एक गदा आणि पंचांच्या निर्णयाचे फेरपरीक्षण करणारी सर्वमान्य व्यवस्था एवढे पुरेसे आहे.

या दृष्टीने पाहता यात्रेच्या आखाड्याभोवती चालणारा वाद हे ऱ्हासाचे लक्षण नव्हे. गावच्या आखाड्यात निकाल हजारो डोळ्यांसमोर लागतो. जोड कमी-जास्त लागली, कुस्ती नुरा वाटली, तर प्रेक्षक तेथल्या तेथे हरकत घेतात आणि पंचांना ती ऐकून घ्यावी लागते. किताबाची पत राखणारी अशी साक्षीदार मंडळी आजही उन्हात बसून शेवटच्या जोडीची वाट पाहतात. ज्या दिवशी ती वाद घालणे सोडून निमूटपणे घरी जातील, त्या दिवशी मात्र ‘कुस्ती बुडाली’ असे म्हणावे लागेल.