बंदीनंतरचे काम ग्रंथालयांचे

सेवेत असताना एका जिल्हा ग्रंथालयाच्या अनुदान प्रस्तावातील ‘मुलांसाठी खेळ’ ही बाब मी लाल शाईने खोडली होती. ग्रंथालय म्हणजे ग्रंथ, एवढीच तेव्हा माझी समजूत होती. वास्तविक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हटले होते.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याचेही ठरवले. बंदी राबवण्यास पोलीस आहेत; प्रोत्साहन कोण राबवणार? माझ्या मते, सार्वजनिक ग्रंथालये. तेथे ग्रंथपाल वयोगट पाहून व्हिडिओ गेमची निवड करील आणि ज्याच्या घरी कन्सोल नाही, त्या मुलालाही पाळी मिळेल.

खरेदीत मात्र सावधपणा हवा. डाउनलोड केलेला गेम बहुधा एका खात्यापुरता परवाना असतो. डिस्क पुस्तकाप्रमाणे कपाटात राहते आणि हातोहात फिरते. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांना पुस्तक खरेदीसाठी साहाय्य करते. त्याच साहाय्यात अशा संग्रहासाठी लहानसा वाटा राखून ठेवावा. माझ्या लाल रेघेची भरपाई त्यातूनच होईल.