घरची पेटी बेसूर झाली तर

पालकहो, गणपती जवळ आले की इंदुरात आपल्या घरोघरच्या पेट्या बाहेर निघतात आणि एखादी पट्टी हमखास बेसूर बोलते. मागील वर्षी शाळेच्या पेटीचा पंचम असाच उतरला. घाईत आम्ही एका ओळखीच्या माणसाकडून तिची रीड घासून घेतली. महिन्याभरात ती मुळाशीच तुटली. पालिताण्याची, नावाजलेली रीड होती हो!

रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. भात्यातल्या हवेने ती थरथरते. टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, पण गेलेले पितळ परत येत नाही. तेव्हा कानस घरी लावू नये, ते काम कारागिराचेच. पुष्कळदा दोष नुसत्या धुळीचा असतो. मऊ ब्रशने अलगद झटकावी. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून पेटी ओल्या भिंतीपासून दूर, पाटावर ठेवावी. भात्याचे चामडे उंदीर-झुरळे कुरतडतात. शेजारी डांबरगोळ्या ठेवाव्यात, मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. वाजवून झाल्यावर एखादी पट्टी दाबून आतली हवा सोडावी, भाता मिटून खिटी लावावी, मगच झाकण.